पाइपातली हळद

निपाणी
८ जुलै २०२५

आक्का,

जय भीम शेवटाला घालतो. आदी भांडण.

तू मला व्हाट्सपवर ब्लॉक केलंस. फोन उचलंनास. आईच्या फोनवरनं केला तर माझा आवाज ऐकून कट केलास. मग काय, पोष्टानं लिवालोय. पाकीट घ्याय गेलतो तर तिथला माणूस म्हणतोय, "कुणाला रं? कोर्टाला काय?" म्हणलं, न्हाय ओ, बहिणीला. तर त्येला जास्तच नवल वाटलं.

ऐक. मी न्हाय केलं.

तुझ्या चिखलात हळद मी घातली न्हाय. मका न्हाय, काय सुदिक न्हाय. आईला तू फोटो पाठीवलास तो मी बघितला. लॅबमध्ये नळी काकडीगत उभी चिरल्याली, आत काळा चिखल, आणि दुसऱ्या मीटरच्या डोस्क्यावर पिवळा पट्टा. त्यात मक्याचा एक दाणा, दात काढून हसल्यागत. खाली तू लिवलंस, "सुग्याला इचार, मजा आली काय." आईला फोटोतलं काय कळालं न्हाय. ती म्हणाली, "पुण्यात झुणका असा करत्यात व्हय?"

मी दोन डाव बारावीला, पीयूसीला नापास हाय, पण तू सांगितल्यालं माझ्या ध्यानात असतंय. तळ्यात दरसाल थोडा गाळ बसतोय, एकावर एक. जेवढं खाली जाशील तेवढं जुनं. फुलांची धूळ त्यात दबून ऱ्हाती. पाऊस बरा झाला की झाडांची धूळ जास्त, पाऊस पळाला की गवताची. ती मोजून तू सांगणार, हजारो वर्षामागं करडेवाडीत पाऊस कसा हुता. आणि तुला पायजे हुता त्यो मोठा दुष्काळ, चार हजार वर्षामागचा, माणसं गावंच्या गावं सोडून गेली म्हणत्यात त्यो. त्यो तुला दुसऱ्या मीटरात गावणार हुता. त्येच्या डोस्क्यावरच हळद.

दुसऱ्यांच्या बहिणी शिकून गाड्या घेऊन येत्यात. आमची शिकून आली आणि चिखल घेऊन गेली. मी हसलो त्येला. पण फेब्रुवारीत तराफा बांधाय तुझ्याबरोबर कंबरभर पाण्यात कोण हुतं? पाण्यातनं चिखलात पाइप उभा केला, भोक बुजू नये म्हणून, तवा त्यो पाइप कुणी धरला? पैल्या दिवशी पैला मीटर काढलासा. सांजच्याला तुझा सत्कार हुता म्हणून काम थांबीवलंस. दुसऱ्या दिवशी त्याच भोकातनं दुसरा मीटर. मधल्या येळात पाइप तसाच उभा, तोंड पाण्याच्या वर, उघडं. त्या उघड्या तोंडात कोणतरी घातलं. आणि गावात असलं काम म्हणलं की सगळी बोटं माझ्याकडं.

त्याला कारण मीच, ते मान्य. तुझ्या नळीवर "अस्सल निपाणी जर्दा, एक नंबर" असलं स्टिकर मी चिकटीवलं. तू हसलीस पण तवा. तुझ्या गाईडला पान म्हणून पेरूचं पान दिलं, ते पण मीच. पण स्टिकर सोलून निघतंय, आक्का. चिखल नासवला तर निघत न्हाय, एवढं मला कळतंय.

गाईडनं तुझ्या तळ्यावर फुली मारली असं आई म्हणाली. म्हंजे तीन वर्षाचं तुझं काम गेलं आणि माझं नाव गेलं. दोन्ही त्या पिवळ्या पट्ट्यात.

मी शोधून काढतो.

सुगत

(जय भीम अजून न्हाय.)


निपाणी
२० जुलै

आक्का,

उत्तर न्हाय आलं. बरं हाय. वाच तरी.

दुकानात बसून लिवालोय. फ्लेक्सचं दुकान म्हंजे काय असतंय तुला ठावं न्हाय. दिवसभर दुसऱ्याची थोबाडं गोरी कराय लागत्यात. आज एकाचा वाढदिवस हाय, त्येला गावात कुत्रं इचारत न्हाय, पण फ्लेक्सवर त्येच्या मागं वाघ पायजे. मालक म्हणतोय, वाघ टाक. मी वाघाचं डोळं त्येला लावलं आणि त्येचं वाघाला. मालकाला अजून कळालं न्हाय. एवढी माणसं, एवढी हसत्यात, आणि एकाचं पण हसू खरं न्हाय.

तुझ्या सत्काराचा फ्लेक्स पण मीच केल्ता. "गावची लेक, करडेवाडीची शान." तुझा फोटो आण्णाप्पा सरांच्या निम्म्यानं हुता, म्हणून तू कुरकुरलीस. ते सरांनी सांगितल्तं. "तळ्याच्या समितीच्या अध्यक्षाचा जरा ठळक असू दे," म्हणाले. मी म्हणलं, अध्यक्ष हाईत, रिटायर झाल्यात, हाय काय त्यास्नी दुसरं. आणि तुला सर म्हंजे देवच. ढग कसा हुतोय ते त्येंनीच तुला पैल्यांदा शिकीवलं, चहाच्या भांड्यावर ताट धरून. प्रबंधाच्या पैल्या पानावर त्यांचं नाव घालणार हाईस, मला म्हैत हाय. मला पण त्येंनीच शिकीवलं. माझ्या डोस्क्यावर ताट धरलं तर थेंब पडला न्हाय, त्येला ते काय करतील.

सत्काराला सगळं गाव शाळंत हुतं, तुझ्या मागं फ्लेक्सची दोरी धरून मी उभा हुतो, वारं सुटल्तं म्हणून. सरांनी तुला शाल घातली. आप्पांचं डोळं भरलं. सव्वीस वर्षं कंडक्टर हुऊन लोकांची तिकिटं फाडली त्या माणसानं, कुणी शाल घातली न्हाय. ती शाल आप्पांनी तुला नेऊ दिली न्हाय, आठवतंय? दर रविवारी काढत्यात, इस्त्री करत्यात, परत कपाटात बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली ठेवत्यात. आई म्हणती, "इस्त्रीनं झिजंल ओ ती." आप्पा म्हणत्यात, "झिजू दे, पण चुरगाळाय नको."

तू जाताना मला म्हणालीस, "बघ सुग्या, गाव बदललं." आपली आजी त्या तळ्याच्या खालच्या आंगाला उभी ऱ्हायची, कोणतरी वरनं पाणी घालंल म्हणून. आणि तिची नात तळ्याच्या मधोमध तराफ्यावर. मी पण मान हालीवली. मला पण लई बरं वाटल्तं त्या दिवशी, खरं सांगतो.

बरं. आता माझा डाव ऐक. चोराला पकडाय जाऊ नये. त्येला सत्काराला बोलवावं. उद्या हॉटेलात चहा प्याय जाणार हाय आणि मोठ्यानं एक बात सोडणार हाय. हळद कुणी घातली ते आपोआप उडी मारून वर येईल. गावात लोक चोरी लपीवतील, मोठेपणा कुणी लपवत न्हाय.

कळवतो.

सुगत


निपाणी
२ ऑगस्ट

आक्का,

मीच केलं.

आईच्या डब्यातली हळद. मका आपल्या परड्यातला. गंमत केली. तुझा प्रबंध, तुझं काम, काय ध्यानात आलं न्हाय. चुकलं.

आता इषय बंद कर. आईला इचारू नको, गावात कुणाला फोन लावू नको. आण्णाप्पा सरांना तर मुळीच लावू नको, ते म्हातारं माणूस. तुझ्या पैल्या पानावर काय घालायचं ते घाल.

मला ब्लॉकच ठेव. त्येला माझी हरकत न्हाय.

सुगत


निपाणी
१९ ऑगस्ट

आक्का,

तुझं पत्र आलं. पोष्टमननं दुकानात सगळ्यांच्या म्होरं दिलं, मालक म्हणला, "प्रेमपत्र काय रं?" मी म्हणलं, समन्स हाय.

चार वेळा वाचलं. तू लिवलंस: "सुग्या, खोटं बोलायचं असेल तर नीट बोल. लॅबमध्ये हळदीबरोबर गोमूत्र निघालंय. आईच्या डब्यात गोमूत्र कधीपासून? आणि आपल्या परड्यात मका कधी होता रे? दुसऱ्या दिवशी सकाळी तराफ्यावर मला कुंकवाची बोटं दिसली होती. उदबत्तीची काडी पाइपाला चिकटलेली होती. मी ती काढून पाण्यात टाकली आणि कुणाला बोलले नाही. मला तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्यावर रागावणं सोपं होतं. तू केलंस म्हटलं की गाव शिल्लक राहतं."

म्हंजे तुला ठावं हुतं.

मी हितं चार हप्ते झालं जेवण गेलं न्हाय म्हणून फिरालोय, तुला कळाय नको म्हणून डोस्क्यावर घेतलं सगळं, आणि तुला ठावं हुतं! आक्का, मला सगळ्या गावाची शिसारी आल्ती. त्यात तुझी पण थोडी घालतो. रागावू नको, तुझ्या वाटणीची हाय ती.

आता सगळंच सांगतो. तुझी इच्छा असू दे न्हायतर नसू दे.

२१ तारखेला हॉटेलात गेलतो. बाकड्यावर आण्णाप्पा सर पेपर वाचालते. गाईवाला भावकू बशीतनं चहा वढालता. आणि तिघं चौघं हुती. मी आत जाऊन मोठ्यानं म्हणलं, "भावक्या, ऐकलंस काय? आक्काच्या लॅबमध्ये त्या तळ्याच्या मातीत पिवळं कायतरी गावलंय. लई जबरदस्त. जंतू पटापटा मराल्यात म्हणे. ज्यानं ते पाइपात घातलं त्येचा पुण्यात सत्कार करणार हाईत. पण नावच कळंना झालंय."

भावकू म्हणाला, "काय सांगतोस!"

सरांनी पेपर खाली घेतला. चष्मा वर केला. "पुण्यात म्हंजे नेमकं कुठं?"

आक्का, मला वाटल्तं पोरांनी केलं आसंल, न्हायतर पुजाऱ्यानं. मी म्हणलं, "सर, तुमी?"

"मी म्हंजे… एकट्याचं श्रेय घेणार न्हाय मी. समितीनं केलं. गोमूत्र ह्या भावकूकडचं."

भावकू बशी खाली ठेवून म्हणाला, "ओ सर! मला सांगितल्तासा गुलाबाच्या रोपास्नी पायजे म्हणून!"

"तुला सगळं कशाला सांगायचं रं? शास्त्रोक्त केलं. हळद, कुंकू, गोमूत्र, नवधान्य. नवधान्यात एक धान्य कमी पडालतं, तर आमच्या कोंबड्यांच्या पोत्यातला मका घातला. देवीला भाव पायजे, बाकी चालतंय." असं म्हणून हसले. कोंबड्यांचं खाद्य, आक्का! तुझ्या चार हजार वर्षाच्या दुष्काळावर कोंबड्यांचं खाद्य!

मी म्हणलं, "पण कशापायी सर?"

सरांनी पेपरची घडी घातली. मग आवाज बारीक करून म्हणाले, "तू शिकल्यालं पोरगं हैस, तुला कळंल."

"मी नापास हाय सर."

"तरी समजूतदार हैस. हे बघ, उपासना माझी विद्यार्थिनी. मला तिचा जेवढा अभिमान हाय तेवढा तुझ्या बापाला नसंल. पण तळं देवीचं. जत्रेला पालखी तिथं उतरती. उद्या चार लोकं बोलली असती, त्यापेक्षा आपणच गुपचूप उरकलेलं बरं. म्हणून तर सत्कार शाळंत ठेवला. तुमी सगळी तिकडं हुतासा, तवर पुजाऱ्यानं हिकडं पाइपात सोडून घेतलं. तिला कळू सुदिक दिलं न्हाय. कुणाचं मन दुखाय नको, एवढाच हेतू."

म्हंजे शाल त्यासाठी हुती. तुला तळ्यापासनं लांब ठेवायला. तू माइकवर म्हणालीस, "हे माझं तळं," आणि टाळ्या पडल्या, आणि त्याच घटकेला तिकडं तुझं तळं तुझ्यापासनं धुऊन काढालते. मी दोरी धरून उभा हुतो, फ्लेक्स उडू नये म्हणून!

मी इचारलं, "तराफ्यावर आक्काच्या लॅबमधले पुण्याचे दोघं पण हुते की सर, त्यांचं काय?"

"ते पाहुणे," म्हणाले.

माझ्या हातात चहाचा कप हुता. सगळ्यास्नी हुता तसलाच, फुलाचा. तेवढं बदललंय गाव. कप एकच हाय. मी त्यो खाली ठेवला. पिववला न्हाय. भावकू माझ्याकडं बघना झाला. बाकीची म्हणालती, "सरांनी केलं ते बरोबर, वाद न्हाय काय न्हाय." एक जण तर म्हणतोय, "सुगत, मग पुण्याच्या सत्काराचं नक्की का?"

भायेर येऊन गटारीच्या कडंला ओकलो. कशाचं वाईट वाटलं सांगू? त्यांनी ते वाईट वागून केलं न्हाय. मन लावून केलं. नीट निवडून टिपून, हळद चाळून, आपल्या शाळंत आपल्यास्नी बसवून. शिवी दिली असती तर मी पण दिली असती. ह्या असल्याला काय द्यायचं?

घरात आलो तर आप्पा शाल इस्त्री करालते. आणि मला म्हणाले, "सर भेटले काय रं? नमस्कार सांगितलास न्हवं?"

म्हणून मी तुला खोटं लिवलं. तुझा सर वाचवाय गेलतो मी. आणि तू गाव वाचवाय मला घातलंस. दोघं बी येडी आपण. वाचवण्यासारखं काय हुतं त्यात?

आता मी गप बसणार न्हाय. माझ्याकडं तलवार न्हाय, वकील न्हाय. फ्लेक्सची मशीन हाय.

सुगत


करडेवाडी
६ सप्टेंबर

आक्का,

घरातनं लिवालोय. मालकानं मला काय दिवस येऊ नको म्हणून सांगितलंय. का ते वाच.

सरांचा त्योच फोटो घेतला, सत्काराच्या फ्लेक्सवरचा, गोरा केल्याला. त्याच मापाचा फ्लेक्स, तीच फुलं, तेच तोरण. वर लिवलं: "हार्दिक अभिनंदन!" त्येच्या खाली: "कु. उपासना हिच्या पावलाने बाटलेल्या तळ्याचे गोमूत्र, हळद, कुंकू व कोंबड्यांच्या मक्याने यशस्वी शुद्धीकरण केल्याबद्दल तळे सुशोभीकरण समितीचे जाहीर आभार." आणि शेवटाला: "शुभेच्छुक: तळ्यातले समस्त मासे व बेडूक." बेडकांचे फोटो पण टाकले, गोल गोल, कार्यकर्त्यांसारखे. एकाला गॉगल घातला.

कानडी पण लिवलं खाली. न्हाय लिवलं तर लावू देत न्हाईत.

सोमवारी सकाळी बस स्टॉपवर बांधला. आणि समोरच्या कट्ट्यावर बसलो, की आता कोण कोण लाजतंय ते बघू.

पैली पोरं आली. बेडकाला बघून हसली, सेल्फी काढली. मग बायका आल्या, वाचलं, पदर तोंडाला लावला आणि गेल्या. मग दोन माणसं वाचून म्हणाली, "सरांचा फोटो बरा आलाय." माझ्या काळजाचं पाणी हुयालतं, आणि ही फोटो बघाल्यात!

मग पंचायतीचा सायब आला, आणि त्येच्या मागं कानडी शाल गळ्यात घातल्याली दोन पोरं. सायबानं फ्लेक्स वरनं खालपर्यंत बघितला. मी उठून उभा ऱ्हायलो. म्हणलं, आता इचारतोय, हे कुणी केलं, कवा केलं. त्येनं बोट वर केलं आणि म्हणाला, "कन्नड सण्ण आगिदे."

कानडी बारीक झालंय. एवढंच.

म्हणलं, सायब, मजकूर वाचा की. म्हणतोय, "मजकूर नंतर. कानडी वर पायजे, मोठं पायजे. नियम हाय. काढा हे."

ती दोघं पोरं दोरी कापाय लागली. तवर आपली पोरं धावत आली, भगवी टोपी घालून. "मराठी बोर्डाला हात लावलासा तर बघा!" फ्लेक्सच्या म्होरं हातात हात घालून उभी ऱ्हायली. आक्का, त्यात पुजाऱ्याचा पोरगा हुता! त्येच्या बापानं पाइपात वतलं, आणि ह्यो त्येच्याच बापाची अब्रू काढल्याला फ्लेक्स छातीचा कोट करून राखालाय. एकानं बी वाचला न्हवता. मराठी हाय एवढंच दिसलं. तिकडच्या दोघांनी बी वाचला न्हवता. कानडी बारीक हाय एवढंच दिसलं. घोषणा सुरू झाल्या, दोन्ही भाषेत. पोलीस आले, "भाषिक तणाव" म्हणून फ्लेक्स उतरीवला, गुंडाळून कट्ट्यावर टाकला आणि सगळ्यास्नी घराकडं लावलं. दोन्ही बाजूंनी जिंकल्यागत तोंडं करून गेली.

गोमूत्राचा ग सुदिक कुणी काढला न्हाय.

मला वाटल्तं गावाला लाज आणता येती. लाज आणायला आदी वाचाय लागतंय. मी कट्ट्यावर बसलो आणि त्या गुंडाळीवर थुंकलो, आणि परत माझाच फ्लेक्स म्हणून पुसला. एवढी किळस मला आजवर कशाची आली न्हवती. आप्पांच्या बशीत लोक खिडकीतनं ओकायचे, ती बस धुवाय मी बारका असताना जायचो. तवा सुदिक न्हाय.

तवर आप्पा आले. दंगा झाला म्हणून कुणीतरी सांगितल्तं. म्हणाले, "काय केलंस?" मी गुंडाळी पाठीमागं सरकीवली. आप्पांनी ती वढून घेतली, कट्ट्यावर उलगडली आणि वाचली. सव्वीस वर्षं तिकिटावरचं बारीक वाचल्याला माणूस. बेडकापर्यंत सगळं वाचलं.

"हे खरं?"

"व्हय आप्पा."

"उपासनाला म्हैत?"

"माझ्या आदी."

आप्पांनी गुंडाळी नीट केली, माझ्या हातात दिली, घराकडं गेले. मी मागनं. मला वाटलं आता पडतील, न्हायतर मला मारतील. आप्पांनी कपाट उघडलं, शाल काढली. परड्यात बादली घेतली. पाण्यात फिनेल वतलं, बस धुवायचं असतंय तसलं, पांढरं फेसाळ. आणि शाल त्यात बुडीवली. आई पळत आली, "अवो, रंग जातोय!" आप्पा म्हणाले, "जाऊ दे." दाबून दाबून बुडीवली, पिळली, आणि तशीच वली शाल खांद्यावर टाकून चालाय लागले. सगळी गल्ली फिनेलच्या वासानं भरली.

सरांच्या दारात गेलो. सर झोपाळ्यावर बसल्ते. आप्पा आत गेले न्हाईत. गेटवर ती शाल पसरून घातली, दोन्ही टोकं नीट केली, चुरगाळू दिली न्हाय. सर उठून आले. "हे काय सत्याप्पा?"

आप्पा म्हणाले, "तुमच्या घरातनं आल्ती. म्हणून धुऊन घेतली."

"सत्याप्पा, गैरसमज करून घेऊ नको…"

"न्हाय न्हाय. कुणाचं मन दुखाय नको म्हणून हळूच धुतली. कुणाला कळू दिलं न्हाय." आणि शेजारी उभ्या असलेल्या लोकांकडं बघितलं. अर्धी गल्ली हुती तिथं.

सरांचं तोंड पैल्यांदा उतरलं, आक्का. फोटोतलं न्हवं, खरं तोंड. मी एवढं तोरण लावलं, बेडकाला गॉगल घातला, काय झालं न्हाय. आप्पांनी एक बादली वापरली. मला वाटत हुतं माझी खोड आईच्या आंगानं आल्या. न्हाय.

परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "आता रविवारी इस्त्री न्हाय. बरं झालं, पाठ दुखाय लागल्ती." आणि घरात जाऊन मोरीचं दार लावून घेतलं. लई येळ नळ चालू हुता.

आता तुझं. कालच्या फोनवर म्हणालीस (ब्लॉक काढलंस ते बरं केलंस), गाईड एक डाव परत भोक पाडाय तयार झाल्यात. पाणी उतरलं की जानेवारीत येणार, त्याच तळ्यात, पाच हात बाजूला. "येऊ काय रे?" म्हणून मला इचारालीस. मला काय इचारतीस? तळं कुणाच्या बापाचं हाय? दुष्काळ पडला तवा ना सर हुते, ना पालखी, ना कानडी मोठं का मराठी मोठं. गवत हुतं आणि तहान हुती, तूच सांगितलंस. ते बघाय तुला कुणाची परवानगी?

आणि त्यो पिवळा पट्टा टाकू नको. नळीवर बाकीच्या थरांना वय घालतीस तसं त्येला पण घाल. फेब्रुवारी दोन हजार पंचवीस. पुढं कुणी इचारलं, ह्या थरात हवामान कसं हुतं, तर सांग: ऊन चांगलं हुतं, आभाळ साफ हुतं, सगळ्यास्नी सगळं दिसत हुतं.

तुझी शिसारी अजून पुरी गेली न्हाय माझी. सांगून ठेवतो. तू कुंकवाची बोटं बघितलीस, काडी पाण्यात टाकलीस आणि मला बोल लावलास. जानेवारीत येशील तवा कंबरभर पाण्यात उभा ऱ्हाऊन मी तुला चार शिव्या घालणार, त्या ऐकून घ्यायच्या. मग पाइप धरतो.

पाइपाला ह्या डाव टोपण पायजे, कुलपाचं. ते मी बनवून घेतो. स्टिकर पण लावणार हाय त्येच्यावर, काय लिवायचं ते सांगत न्हाय. आणि राखण म्हणून तराफ्यावर आप्पा बसणार हाईत. मी म्हणलं, तुमास्नी पवाय येत न्हाय. म्हणाले, "मला शिट्टी वाजवाय येती." कंडक्टरची शिट्टी कालच घासून ठेवल्या.

आता घालतो.

जय भीम.

सुगत